क्षेत्राचा मेळ

एकाच शेताचे चार कागद समोर ठेवले आणि चारही कागद एकच गोष्ट सांगतायत, असं आमच्या मराठवाड्यात मी क्वचित पाहिलं. १९५४-५५चा खासरा एक नाव सांगतो, एकत्रीकरणाचा नऊ-तीन नऊ-चारचा उतारा वेगळं क्षेत्र दाखवतो, भूमी अभिलेखचा आकारबंद, म्हणजे क्षेत्र आणि साऱ्याचा तक्ता, त्याहून निराळं, आणि सातबाऱ्यावर या तिघांनाही न जुळणारं काहीतरी. तलाठी म्हणून महसूल खात्यात लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधली सगळी नोकरी कागदांच्या या भांडणात गेली. अजूनही गारखेड्याच्या घरी लोक प्लास्टिकच्या पिशवीत उतारे घेऊन येतात आणि बसायच्या आधी विचारतात, "साहेब, यातला खरा कोणता?" मी त्यांना आधी हे विचारायला लावतो की कोणता कागद कुणी, कधी आणि कशासाठी लिहिला. ते सांगायचं तर मलिक अंबरापासून सुरुवात करावी लागते.

मलिक अंबराने १६१०च्या सुमारास खडकी वसवली. त्याच्या मुलुखात सारा ठरायचा तो उभ्या पिकाचा अंदाज घेऊन. आधी धान्यात, पुढे रोकडीत. जमिनीला दोरी लावण्यापेक्षा नजरेवर भिस्त होती. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला, खडकीला त्याचं नाव पडलं, आणि त्याच्या हाताखाली मुर्शिद कुली खान हा दिवाण झाला. मोजणीच्या दोरीचं एक टोक हा माणूस कित्येकदा स्वतः धरायचा, असं इतिहासकार लिहितात. पण त्याने सगळीकडे दोरीच लावली असं नाही. कुठे जुन्या रिवाजाप्रमाणे नांगरामागे ठरीव रक्कम ठेवली, कुठे पिकाची बटई, आणि कुठे जरीब टाकून बिघ्याला दर. म्हणजे एका गावची जमीन नांगरांत लिहिलेली, शेजारच्या गावची पिकाच्या वाट्यात, पलीकडच्या गावची बिघ्यांत. तिन्ही हिशेब आपापल्या शिवारात बरोबर होते. शंका निघाली ती सुभ्याची एकत्र बेरीज मांडायला बसलेल्या कारकुनाला.

नोकरीत मला याचा उपयोग असा झाला की दोन कागद जुळत नाहीत म्हटल्यावर लगेच चोर शोधायचा नाही, हे अंगात भिनलं.

आज आपण ज्याला रेकॉर्ड म्हणतो त्याचा पाया निजामाच्या काळातला. पहिला सालारजंग १८५३मध्ये हैदराबादचा दिवाण झाला, १८६५मध्ये जिलाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी झाली, आणि पुढे मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली. त्या धर्तीमागे एक फसलेला प्रयोग होता. पुणे भागात १८२०च्या दशकाच्या शेवटी प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायचा घाट घातला. हिशेब फार बारीक, पण ज्या मोजणीवर आणि माहितीवर तो उभा होता तीच चुकीची. सारा डोईजड झाला, रयत जमिनी टाकून गेली आणि ती पाहणी सोडून द्यावी लागली. १८३६मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली तेव्हा त्यांनी उत्पन्नाचा तो किचकट हिशेब बाजूला ठेवला. पुढे त्यातून मातीच्या नऊ प्रती, प्रत्येकीला आण्यांत किंमत आणि तीस वर्षांचा करार अशी पद्धत रुळली. हिशेब थोडा ढोबळ, पण गावकऱ्याला शेतात उभं राहून पडताळता येईल असा. आमच्याकडे त्याच घराण्यातला शेतवार, म्हणजे मोजणीची शेतनिहाय नोंदवही, आला.

पण हैदराबादचं साल वेगळं होतं आणि पैसाही वेगळा होता. फसली, म्हणजे महसुली, साल सहा ऑक्टोबरच्या सुमारास, आजूर महिन्याने सुरू व्हायचं. त्याचं इसवी साल काढायचं तर आजूर-दै महिन्यांतल्या कागदाला ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासूनच्या कागदाला ५९१. जूनमध्ये पेरलेली ज्वारी एका फसली सालात उगवायची आणि दुसऱ्यात खळ्यावर यायची. हे ज्याला ठाऊक नाही तो एकाच हंगामाच्या दोन नोंदी दोन वेगवेगळ्या वर्षांच्या धरतो. कुळकायद्याच्या प्रकरणात तर अमुक वर्षी जमीन कोण कसत होतं यावरच सगळं ठरायचं, तिथे एका वर्षाच्या फरकाने माणूस कुळ ठरायचा किंवा उपरा ठरायचा. पैशाचंही तेच. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार यांचा भाव ढोबळ मानाने सात हालीला सहा कलदार असा. जुन्या कागदावरचा आकार सात रुपये आणि नव्यावरचा सहा दिसला तर कुणाचा सारा माफ झाला असं समजायचं कारण नाही.

त्याहून अवघड गाठ होती ती निरनिराळ्या प्रश्नांची. शेतवार लिहिणाऱ्याला हवं होतं, सारा कोण भरणार. मुंतखब लिहिणाऱ्याला हवं होतं, हे इनाम कुणाचं, निर्वाहासाठीचं मदतमाश की सेवेसाठीचं खिदमतमाश, आणि वारस कोण. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद मुक्त झालं, १९४९मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५०मध्ये हैदराबादचा कुळवहिवाट कायदा आला. तेव्हा सरकारला नवाच प्रश्न पडला की जमीन प्रत्यक्षात कसतो कोण. १९५४-५५चा खासरा त्या प्रश्नाचं उत्तर आहे. आता एकाच गटाला मुंतखबात दर्ग्याची सेवा करणाऱ्या घराचं नाव, शेतवारात त्याच गावच्या पाटलाचं आणि खासऱ्यात तिसऱ्याच कुटुंबाचं. तिघांचे वकील तीन कागद नाचवतात. तिन्ही कागद खरे असू शकतात. सेवा एकाची, सारा दुसऱ्याने भरलेला, नांगर तिसऱ्याचा. "मालक कोण" हे या तिन्ही कागदांना कुणी विचारलंच नव्हतं. ते आपण आज विचारतो.

१ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्रात. गाव नमुने एक ते एकवीस आले, सात आणि बारा मिळून सातबारा आला, आणि १५ ऑगस्ट १९६७पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. पुढे एकत्रीकरणाच्या योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले. या शेवटच्या बदलाने किती घरांत भांडणं लावली ते सांगितलं तर हसू येईल, म्हणून गणितच मांडतो.

पाच एकर जमीन, चार भाऊ, प्रत्येकाला सव्वा एकर, म्हणजे ५० गुंठे. एक गुंठा म्हणजे १.०१२ आर. सगळं शेत २०० गुंठे, म्हणजे २०२.३४ आर, कारकुनाने लिहिलं २ हेक्टर २ आर. प्रत्येक भावाचे ५० गुंठे म्हणजे ५०.५९ आर, कारकुनाने लिहिले ५१. दोन्ही वेळा त्याने नियमाप्रमाणे जवळचा पूर्ण आकडा धरला. चार भावांची बेरीज २०४ आर, शेत २०२ आर. बांध जागचा हलला नाही, कुणी कुणाची ढेकूळ उचलली नाही, तरी कागदावर दोन आर जमीन जास्त निघाली. वाळूजच्या बाजूला ज्या दिवशी कारखान्यांमुळे जमिनीला भाव आला, त्या दिवशी हे दोन आर भांडायला उभे राहिले. आणेवारीने लिहिलेल्या हिश्श्यांची तीच गत. सोळा आण्यांच्या १९२ पै. तिघांना पाच आणे चार पै बरोबर जातात. पाच वारस निघाले की शेवटच्याच्या नावावर काहीतरी कमीजास्त लागतंच.

संगणक येईपर्यंत हे सगळं दप्तरात झाकून होतं. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावरच्या वाट्यांची बेरीज कुणी करून पाहत नसे. ई-फेरफारसाठी सगळं रेकॉर्ड संगणकात गेलं आणि यंत्राने पहिलं काम केलं ते बेरजेचं. गट नंबरचं एकूण क्षेत्र एकीकडे, खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज दुसरीकडे; जिथे जुळत नाही त्या नंबरांची यादी. ही यादी म्हणजे तलाठ्यांच्या तोंडी असलेला "अहवाल एक". आणखी कितीतरी अहवाल होते: क्षेत्राची एककं चुकलेली, खाता नंबर असून नाव नाही, नाव असून क्षेत्र शून्य. पण धसका होता तो पहिल्याचा. २०१७च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडीवाचन झालं, हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा लोकांसमोर वाचून ताडले गेले. १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. त्याआधी प्रत्येक गावाचा अहवाल निरंक व्हायला हवा, असा तगादा होता.

इतिहासात पहिल्यांदाच आमच्या रेकॉर्डमधली विसंगती मोजली गेली, हे मान्य करायला हवं. नाहीतर "बरंच चुकलेलं आहे" यापलीकडे कुणी काही सांगू शकत नव्हतं. पण मोजायचं माप कोणतं, हा प्रश्न तिथे कुणी उभा केला नाही. अहवालात प्रत्येक नंबर एकच धरला जायचा. वर सांगितलेला चार भावांचा दोन आरांचा फरक म्हणजे एक नंबर. एका विधवेचं नाव वारसनोंदीत गळून दीड हेक्टर दिराच्या खात्यात गेलं, तोही एक नंबर. खरं तर तो एकही नंबर नव्हे, कारण दिराच्या नावावर सगळं क्षेत्र चढल्यामुळे बेरीज चोख जुळते आणि अहवालात ते शेत दिसतच नाही. यंत्राला फक्त अंकाचं भांडण ऐकू येतं. जिथे एकाने दुसऱ्याचं तोंडच दाबलं आहे तिथे भांडण नाही, म्हणून नोंदही नाही.

मेळ बसवायचा म्हणजे काय करायचं, याच्या रीती आमच्याकडे जुन्या आहेत. त्यातली सगळ्यात देखणी रीत मी रेकॉर्ड रूममध्ये फारसी-उर्दू वाचणाऱ्या एका म्हाताऱ्या मुन्शींकडून शिकलो. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. एका मुस्लिम घराचं वारसाचं प्रकरण होतं. तरुण माणूस वारला. मागे बायको, दोन मुली, आई आणि बाप. शरियतप्रमाणे बायकोला एक अष्टमांश, मुलींना मिळून दोन तृतीयांश, आईला एक षष्ठांश, बापाला एक षष्ठांश. चोवीस हिस्से पाडले तर बायकोचे तीन, मुलींचे सोळा, आईचे चार, बापाचे चार. बेरीज सत्तावीस. मी कागद तीनदा तपासून चाचांपुढे नेला. ते म्हणाले, "तलाठीसाब, चौबीस के सत्ताईस कर दो, बस."

याला औल म्हणतात. हिस्से तेच राहतात, मात्र ते चोवीसातले न मानता सत्तावीसातले मानायचे. बायकोचा आठवा हिस्सा नववा होतो, बाकी सगळ्यांचेही त्याच प्रमाणात घटतात. सांगतात की हजरत अली मशिदीत मिंबरवरून, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्यावरून, खुतबा देत असताना कुणीतरी नेमकं हेच कोडं घातलं आणि त्यांनी न थांबता तिथूनच उत्तर दिलं. म्हणून या हिशेबाला मिंबरचं नाव आहे. औलची सुरुवात खलिफा उमर यांच्या काळातली मानतात. त्यावर तेव्हाही मतभेद होता. शिया पंथ ही रीत मानत नाही, त्यांच्याकडे घट मुलींच्या वाट्याला जाते. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. बेरीज जास्त झाली तर कमी कुणाचं करायचं, हे माणूस मरायच्या आधीपासून सगळ्यांना माहीत असतं. त्या दिवशी टेबलापाशी कोण बसलं आहे त्यावर ते ठरत नाही.

दुसरी रीत आमच्या कायद्यातच आहे. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. सहा-अ म्हणजे वादग्रस्त प्रकरणांची नोंदवही. फेरफार लिहिला, चावडीत नोटीस लागली, हितसंबंधितांना कळवलं आणि मुदतीत हरकत आली, तर ती नोंद सहा-अमध्ये जाते. सुनावणी होईपर्यंत जुनी नोंद हलत नाही, नवी पुसली जात नाही. सरकार स्वतःच्या दप्तरात लिहून ठेवतं की या शेताबद्दल आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या गेल्या आहेत आणि आम्ही अजून ठरवलेलं नाही. आजच्या उताऱ्यावर खाली "प्रलंबित फेरफार" म्हणून रकाना असतो, तो याचाच धागा.

माझा पुतण्या संगणकशास्त्र शिकवतो. त्याला हे सांगितलं तेव्हा तो खुर्चीत सरळ बसला. म्हणाला, "काका, पुस्तकी तर्कशास्त्रात एकमेकांविरुद्ध दोन विधानं एकदा आत शिरली की त्यातून वाटेल ते सिद्ध करता येतं. मग सगळी इमारत गेली." माहिती साठवणाऱ्या यंत्राचं असं होऊ नये म्हणून नुएल बेलनॅप या अमेरिकी तर्कशास्त्रज्ञाने १९७७मध्ये चार खान्यांची मांडणी सुचवली: खरं सांगितलं गेलंय, खोटं सांगितलं गेलंय, दोन्ही सांगितलं गेलंय, काहीच सांगितलं गेलेलं नाही. तिसरा खाना भरला तरी बाकीचे खाने बिघडत नाहीत. मी म्हटलं, तो तिसरा खाना आमच्या तलाठ्याच्या दप्तरात कधीपासूनच आहे. गट नंबर ११२ वादात असला म्हणून ११३चा उतारा देणं आम्ही कधी थांबवलं नाही. संहितेचं कलम १५७ही त्याच शहाणपणाचं: नोंद खरी मानायची, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच किंवा तिच्या जागी कायदेशीरपणे नवी नोंद होईपर्यंतच.

तिसरी रीत कायद्यात नाही, पण चालते. साहेबांची बैठक उद्या आहे, अहवालात चाळीस नंबर उरलेत, काहीही करा पण निरंक करा. मग जास्तीचं क्षेत्र पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला अयोग्य जमिनीत, ढकललं जातं. किंवा ज्या भावाचा फोन लागत नाही, जो पुण्याला कंपनीत आहे, त्याच्या खात्यातून दोन आर वजा होतात. लेखनप्रमाद दुरुस्त करायला कलम १५५ आहे. ते अशा दुरुस्तीला वापरलेलं मी पाहिलं आहे. लेखनप्रमाद म्हणजे आकारबंदात २ हेक्टर ४० आर असून सातबाऱ्यावर ४ हेक्टर २० आर उतरलं, असल्या गोष्टी. कुणाचा हक्क वाढतो आणि कुणाचा घटतो, ते त्या कलमाने ठरवायचं नसतं. पण यादीतून नंबर गेला की गेला. तो का गेला, हे यादी विचारत नाही.

त्याचे परिणाम पैसा आला की कळतात. बिडकीन-शेंद्र्याचं संपादन झालं, समृद्धी महामार्ग गंगापूर-वैजापूर तालुक्यांतून गेला, तेव्हा वर्षानुवर्षं कुणी न पाहिलेले उतारे लोकांनी काढले. ज्यांच्या सातबाऱ्यावर बेमेळ होता त्यांचे पैसे अडकले, हे खरं. पण त्यांना निदान भांडायला जागा होती. कागदच ओरडून सांगत होता की इथे काहीतरी चुकलंय. ज्यांचा मेळ आधीच कुणीतरी गुपचूप बसवला होता, त्यांचा उतारा इतका स्वच्छ होता की तक्रार कशावर करायची तेच त्यांना सापडेना. नऊ-तीन नऊ-चार आणि खासरा शोधत ते भूमी अभिलेखाच्या पायऱ्या चढत राहिले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की न जुळणारा आकडा हा साक्षीदार असतो. हाली-कलदारचा बेमेळ सांगतो की कागद कोणत्या राज्यात लिहिला. आर-गुंठ्याचा बेमेळ सांगतो की कारकुनाने कुठे पूर्णांक धरला. तीन नावांचा बेमेळ सांगतो की सेवा कुणाची, सारा कुणाचा आणि घाम कुणाचा. साक्ष नोंदवायच्या आधी साक्षीदाराला हाकलून दिलं तर निकाल लवकर लागतो, बरोबर लागेलच असं नाही. जुने पटवारी अक्षराला वाईट असतील, पण नाव कमी करताना ते त्याला कंस करायचे आणि शेजारी फेरफाराचा नंबर गोल करून लिहायचे. कंसातलं नाव वाचता यायचं. कुणाच्या जागी कोण आलं आणि कोणत्या कारणाने, हे नातवाला कळायचं.

२०२५मध्ये जिवंत सातबारा मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. काम फार गरजेचं आहे, कितीतरी उताऱ्यांवर अजून आजोबाच जमीन कसतायत. पण वारस लागले की हिस्से वाढतात, हिस्से वाढले की बेरजा पुन्हा हलतात. आमच्या जागी आता जी मुलं-मुली ग्राम महसूल अधिकारी म्हणून बसली आहेत, त्यांना मी सांगतो की प्रत्येक दुरुस्तीच्या आदेशात तीन गोष्टी लिहा: आधीचा आकडा, नवा आकडा आणि फरक कुठून आला ते. कारण सापडलं नाही तर "कारण सापडले नाही" असं लिहा आणि नोटीस काढा. खातेदारांनाही सांगतो: तुमचा उतारा स्वच्छ दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका. खासरा, एकत्रीकरणाचा उतारा, आकारबंद आणि जुने फेरफार यांच्या नकला आजच काढा, चौघांचं कुठे जमत नाही ते पाहा, आणि हरकत घ्यायची मुदत संपायच्या आत तहसीलला अर्ज द्या.